बारा सेकंद

आज रेशीम आलं.
लियोंहून, पातळ कागदात गुंडाळलेलं,
कोवळ्या बदामाच्या गरासारखं फिकट.
सोबत चिठ्ठी: मागच्या शयनकक्षाचा पडदा. बाईंची स्वतःची निवड.

मी त्याच्या पट्ट्या कापते,
चोवीस तास ठरलेल्या दमटपणात ठेवते.
जाळण्याआधी कापडाला विसावा द्यायचा, असा नियमच आहे.
मग पेटीत टांगते, काच ओढते,
खालून ज्योत. बारा सेकंद.
ज्योत काढली की मोजायचं
ते आपल्या मनाने किती वेळ जळतं.
तिघांची सरासरी पंधराच्या आत हवी.

माझी आई म्युलूझला, कापड छापायच्या गिरणीत होती.
एक धागा उपसून काडीवर धरायची नि सांगायची:
कापूस भराभरा जातो,
लोकर रुसून बसते,
नायलॉन टिपं गाळतं,
आणि रेशीम, ओदिल, केसासारखं जळतं,
माणसाच्या केसासारखं.
गिरणी विकली तेव्हा यंत्रांची यादी झाली,
तिच्या नाकाची नोंद कुठेच नव्हती.

सोळा.
चौदा.
सतरा.

इतक्या झिरझिरीत विणीला
विझायला धीर कुठून येणार.

पलीकडच्या खोलीत रेतो वायरी मोजतो.
एकाच कामाला तीन, तिन्ही वेगळ्या वाटेने,
एक जळाली तर दुसरीला झळ लागू नये म्हणून.
भावंडांना एका गाडीत बसवत नाहीत काही घरांत, तसं.
त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं:
असा बिघाड एक अब्ज तासांत एकदा.
मी एकदा पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला.
एक लाख चौदा हजार वर्षं.
एवढं मागे गेलं तर ऱ्हाईनकाठी
केसाळ हत्ती गवत उपटत असतील.
रेतो म्हणाला, हो,
पण तो एकदा म्हणजे उद्या सकाळ नाही,
असं त्यात कुठे लिहिलंय?

दुपारी लंडनहून फोन. मालकाचे प्रतिनिधी, ॲशकोम.
आवाज इतका इस्त्रीचा की घडी मोडवत नव्हती.
एका सेकंदाहूनही कमी फरक आहे, मादाम.
तिथे बाराजणच बसणार. बस नाही ती.
आणि बेचाळीस हजार फुटांवर
त्या पडद्याखाली ज्योत धरणार तरी कोण?

मी धरली, म्हटलं.

पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी माझ्या वरिष्ठांचं नाव विचारलं.
मी स्पेलिंगसकट दिलं.

संध्याकाळी गेटवर बूट काढले.
थर्मासचं झाकण उघडून दाखवलं, बॅग पट्ट्यावर ठेवली.
एकोणीस वर्षं झाली. फाब्रिसला माझ्या कुत्र्याचं नाव माहीत आहे,
तरी तो रोज आत डोकावतो, आणि मला त्याचा राग येत नाही.
कुंपणापलीकडे एक काळी गाडी
थेट जिन्यापाशी जाऊन थांबली.
तिघं उतरले, चार पेट्या. कुणी काही उघडलं नाही.
फाब्रिसने खांदे उडवले:
कुणाला किती तपासायचं ते विमानाच्या वजनावर ठरतं म्हणे.
नवं परिपत्रक येणार आहे, मोठ्यांसाठी.
गेल्या वर्षीही येणार होतं.

लियोंहून दुसरं रेशीम येईल, जरा जाड विणीचं,
बाईंना ते आवडणार नाही.
कधीतरी रात्री त्या पडद्याआड कुणी झोपेल,
कूस बदलेल, पाणी मागेल,
उतरताना चष्मा विसरेल.
एवढंच घडेल.

सँ-लुईच्या बसमध्ये
शेजारच्या मुलाने नाक मुरडलं, आईला काही पुटपुटला.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे.
मी टोपी घातली.
बोटांवर अजून तो वास होता.